शंभरातले शहाण्णव

"विभा, रागावलीस का गं माझ्यावर?" आईचा आवाज कानात आला तेव्हा गाडी नुकतीच ग्योतोकुहून सुटली होती आणि माझा डावा हात कुणाच्या तरी बॅगेखाली अडकला होता. "कितीतरी दिवस झाले, तू काही दिलंच नाहीस. माझं काही चुकलं असेल तर सांगून टाक. मनात ठेवू नकोस." एवढाच निरोप. मी आधी पैशांचाच विचार केला, परदेशात राहणाऱ्या मुलींना दुसरं सुचतच नाही. पण आईला पेन्शन आहे, आणि मी पाठवलेलं ती माझ्या मुलीच्या, नुपूरच्या वाढदिवसाचं निमित्त करून मला परत करते. फोन राहिला म्हणावं, तर रविवारीच बोललो होतो, वांग्याच्या भरताबद्दल आणि मुलुंडच्या इमारतीतल्या बंद पडलेल्या लिफ्टबद्दल. मग द्यायचं काय राहिलं? इथे टोकियोत गाडीत कुणी फोनवर बोलत नाही, म्हणून तोच निरोप पुन्हा लावला. आराकावाच्या पुलावर गाडीची घरघर बदलते, आणि तिथे मला आईच्या बोलण्यामागचा दुसरा आवाज ऐकू आला. टिण, टिण, आणि मग एक लांबलेला, मध्येच सोडून दिलेला सूर. दोन आंबे जुळले आणि तिसरा घरंगळून खाली गेला की तो सूर वाजतो. तो किती लांबवावा यावर आमच्या ऑफिसात एक अख्खी मीटिंग झाली होती, आणि मी त्यात जोरात बोलले होते. किबा स्टेशन आलं, दारं उघडली, माझे ऑफिसवाले उतरले. मी उतरले नाही.

माझं काम काय हे सांगणं अवघड जातं. जपानी माणसं विचारत नाहीत. आपल्या माणसांना, म्हणजे गणपतीला हॉल घेऊन जमणाऱ्या मंडळींना, मी "गेमिंगमध्ये डेटा" असं सांगते आणि ताट वाढून घेते. खरं काम असं आहे. फोनवर खेळायचे स्लॉट गेम असतात, बोट लावलं की चित्रांच्या पट्ट्या फिरतात, चित्रं जुळली की नाणी पडतात. नाणी आमच्याकडून पैसे देऊन घ्यायची. जिंकलेल्या नाण्यांचे मात्र पैसे होत नाहीत, ती पुन्हा पट्ट्या फिरवायलाच वापरायची. पट्ट्या किती वेळा जुळाव्यात, जुळल्या तर किती द्यावं, हे गणित माझं. संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी नवऱ्याच्या, शशांकच्या मागे टोकियोत आले. त्याची बँक, त्याचा बॉस, त्याच्या मीटिंगा. माझी पहिली काही वर्षं दुधाचे रिकामे खोके धुऊन, कापून, सपाट करून, दोरीने बांधून ठरलेल्या वारी खाली ठेवण्यात गेली. त्यामुळे ही नोकरी लागली तेव्हा मला असा काही चेव चढला की मी आईला फोनवर सगळं समजावत बसले. म्हटलं, "आई, शंभरातले शहाण्णव आम्ही परत देतो, बरं का." ती म्हणाली, "आणि चार?" म्हटलं, "ते कंपनीचे." "म्हणजे सोनाराची घट," आई म्हणाली. "सोनार तर याहून जास्त खातात. तुमचे लोक बरे दिसतात." मी हसले. माझ्या आईला किती पटकन कळतं म्हणून मला कौतुकच वाटलं. सोनार घट धरतो ती एकदा. आमच्याकडे परत आलेले शहाण्णव माणूस पुन्हा घालतो, त्यावर पुन्हा घट, उरलेले पुन्हा घालतो, पुन्हा घट. पाटलीची बांगडी, बांगडीचं कानातलं, कानातल्याचा मणी, आणि शेवटी हातात सोनाराच्या गुलाबी कागदाची रिकामी पुडी. हे मला माहीत होतं. तिला माहीत आहे की नाही, हा विचारही मनात आला नाही.

गाडी नाकानोपर्यंत, शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली, तिथेच रिकामी झाली, आणि मला बसायला जागा मिळाली. कुठल्याही परक्या शहरात सकाळची रिकामी गाडी बघितली की मला आईचं टेलिफोन एक्स्चेंज आठवतं. ती ट्रंक कॉल जोडायची. सुट्टीत मला घरी बघायला कुणी नसलं की तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसवायची. रांगेने बायका बसलेल्या, कानाला हेडफोन, समोर भोकांच्या पाट्या, आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच, लाइनवर राहा, लाइनवर राहा. खरखर यायची, मध्येच सगळं गप्प व्हायचं. मी म्हणायचे, आई, कुणी नाहीये तिथे, ठेवून दे. ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "असतं गं. पलीकडे माणूस असतंच. आपण थांबायचं." आणि खरंच, बऱ्याच वेळाने तिकडून कुणीतरी कोकणातून नाहीतर कलकत्त्याहून हॅलो म्हणायचं, आणि आई माझ्याकडे बघून भुवया उडवायची. नोकरीची सगळी वर्षं तिने हेच केलं. तिचा हात त्या कामाला असा बसला होता की निवृत्त झाल्यावरही फोन वाजला की ती हॅलो न म्हणता "बोला" म्हणते. बाबा गेल्यावर त्या घरात फोनसुद्धा फारसा वाजेनासा झाला.

नारळाची गोष्ट मला मग आठवली. आमचा भारतासाठीचा गेम आहे, त्यात आंबा, कमळ, हत्ती, समई आणि कलश. चित्रं इथल्याच एका मुलीने काढलेली. मी कौतुकाने आईच्या फोनवर तो गेम घालून दिला होता, मागच्या खेपेला गेले तेव्हा. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "कलशावरचा नारळ उलटा आहे. शेंडी खाली घातलीय. सांग तुझ्या माणसांना." मी इथे येऊन सांगितलं, त्या मुलीने चारदा माफी मागून नारळ सुलटा केला. आईने फोनवर म्हटलं, "बघ, सांगितलं की होतं." मी ते बोलणं तिथेच सोडून दिलं. तिने सोडलं नाही. तिच्या दृष्टीने लाइन जोडली गेली होती. ती मुलुंडहून बोलली, तिकडे जपानात कुणीतरी ऐकलं, आणि ऐकून नारळ फिरवला. तो कुणीतरी मी सोडून दुसरं कोण असणार? मग रोज सकाळी चहा झाला की ती गेम उघडून बसायची. आंबे जुळले की विभाने दिले. नाही जुळले की विभा कामात आहे. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी रविवारी फोन करायचे, लिफ्टची चौकशी करायचे, आणि ती मधूनच म्हणायची, "परवा चांगलं दिलंस हो." मला वाटायचं नुपूरच्या फोटोंबद्दल बोलतेय.

आणि आता सगळ्यात वाईट भाग. शहाण्णव परत द्यायचे, पण कसे द्यायचे हेही ठरवावं लागतं. रोज थोडंथोडं द्यायचं, की बरेच दिवस हात आखडून मग एकदम ओंजळ ओतायची. सरासरी तीच राहते. ऑफिसात याला व्होलॅटिलिटी म्हणतात. थोडंथोडं देणाऱ्या गेमला लोक कंटाळतात. कोरडे दिवस काढल्यावर मिळालेलं माणूस विसरत नाही, त्यासाठी पुढचे कोरडे दिवसही काढतो. या वसंतात भारतातले आकडे बघताना माझे वरिष्ठ ओकाबे-सान म्हणाले की तिकडच्या वयस्क बायका कोरड्या दिवसांत गेम सोडून जात नाहीत, फार सोशिक आहेत. त्यांच्या आवाजात खरा आदर होता. म्हणाले, विभा-सान, कोरडे दिवस थोडे वाढवून बघू. मी वाढवले. माझ्याच हाताने, दुपारच्या जेवणाआधी, आणि मग खाली जाऊन ओनिगिरी, भाताचा गोळा, आणली. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर एका बाईला त्या दिवसापासून वाटायला लागलं की आपली मुलगी आपल्यावर रागावलीय.

नाकानोहून परत आले. ऑफिसला उशीर झाला, कुणी काही बोललं नाही, इथे न बोलण्यानेच बोलतात. गिऱ्हाइकांची नावं बघायची मला गरज नसते, आम्हाला आलेखावरच्या नुसत्या रेषा दिसतात. त्या दिवशी मी नाव शोधलं. खेळाडूंनी स्वतःला काहीबाही नावं दिलेली असतात, राजा, टायगर, लकी. एक नाव होतं 'विभाचीआई'. ती खास गिऱ्हाइकांत होती, ज्यांना दिवाळीला आमच्याकडून शुभेच्छा जातात. किती घातलेत ते मी बघितलं, आणि बघून स्क्रीन बंद केली. पेन्शनीत बसेल असं ते नव्हतं. बाबांनी ठेव केली होती, आईच्या आजारपणासाठी म्हणून, ती मोडल्याशिवाय ते शक्य नव्हतं. शेजारी ओकाबे-सान मला बघून म्हणाले, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, दाइजोबु, ठीक आहे. या देशात आल्यापासून हा शब्द मी इतक्या वेळा वापरलाय की तो तोंडातून आपोआप पडतो.

घरी शशांकला सांगितलं. तो बँकेत जोखमीच्या विभागात आहे, आयुष्यभर हेच करतो, कुठे किती बुडेल याचा अंदाज. त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "आईंचं कार्ड बंद करून टाक. बँकेत तुझं नाव जॉइंट आहे ना? पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "आणि तिला काय सांगू?" तो म्हणाला, "खरं ते सांग. त्यात एवढं काय अवघड आहे?" तो बरोबर होता. मला त्याचा इतका राग आला की मी आमटी गरम करायला उठले आणि गॅसजवळ नुसती उभी राहिले. कार्ड बंद केलं तर पैसे वाचतील, मान्य. पण मग रोज सकाळी चहा झाल्यावर ती काय करेल? मी तिच्या चहानंतर कधीच नसते. तिथे जे असतं ते माझ्या नावाचं दुसरंच काहीतरी असतं, आणि ते माझ्यापेक्षा जास्त नियमित आहे. नुपूरने जपानीत विचारलं, आजीला काय झालं. शशांकने इंग्रजीत सांगितलं, काही नाही. मी मराठीत काहीच म्हटलं नाही.

शनिवारी फोन केला. बाल्कनीचं दार लोटून घेतलं, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभी राहिले. आईने उचलला, "बोला."

"आई, मी आहे. ऐक. तो गेम आहे ना, त्यातून मी काही देत नाही."

"हो हो. मी कुठे म्हणते दे म्हणून. तू कामात असतेस."

"तसं नाही. कुणीच देत नाही. ते मशीन आहे. आकडे आपोआप पडतात, फासा पडतो तसे. माझा त्याच्याशी काही संबंध नाही."

ती ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, "मग मध्यंतरी देणं कमी झालं, ते उगाच का झालं? मी काही इतकी बावळट नाही. आधी बरं चाललं होतं."

मी म्हणायला हवं होतं की तो योगायोग. मला आईशी खोटं बोलायची सवय नाही, किंवा त्या क्षणी मला स्वतःचं गणितच मोठं वाटलं असेल. मी म्हटलं, "ते मी कमी केलं."

"मग?" आई म्हणाली. तिच्या आवाजात चक्क समाधान होतं. "म्हणजे तूच ना?"

"आई, अगं, तुझ्यासाठी नाही केलं. सगळ्यांना एकदमच कमी केलं. लाखभर लोक आहेत. मला त्यात तू दिसतसुद्धा नाहीस. तू खेळतेस की नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तुला वाटतं मी तिकडे बसलेय. तिकडे कुणी बसलेलं नाही, आई."

खाली सायकलींच्या रांगेतून कुणीतरी आपली सायकल काढत होतं. आईच्या बाजूने इतकी शांतता आली की लाइन गेली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. "आहे, आहे," ती म्हणाली. "म्हणजे मी सकाळी नमस्कार करायचे ते तुला ऐकू यायचं नाही." "नाही." "आणि नुपूरच्या परीक्षेला मी बारा दिवस खेळले नाही, तुला त्रास नको म्हणून, ते?" मी दोरीवरचा एक चिमटा काढून पुन्हा लावला. "बरं," आई म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. तुझ्या बाबांची ठेव मोडली होती मी, सांगून टाकते. मला वाटत होतं तुझ्या कंपनीला तेवढंच गिऱ्हाईक. असू दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस." आणि तिने फोन ठेवला. मी ओल्या टॉवेलात तोंड खुपसून रडले. रडून झाल्यावर हलकं वाटलं, याची मला लाज वाटते. खरं बोलल्याचं समाधान वाटलं मला. शशांकने चहा करून दिला.

त्यानंतर ती खेळली नाही. कार्ड बंद करायचीही गरज पडली नाही. मी ऑफिसात रोज बघत होते, 'विभाचीआई' समोरची रेषा सपाट झाली होती. रविवारी फोन केला की ती उत्तरं द्यायची. जेवलीस का, हो. औषध, घेतलं. लिफ्ट, चालू झाली. मी विचारायची थांबले की बोलणं संपायचं, आणि तेव्हा मला कळलं की आमच्या फोनांत एवढी वर्षं जे बोलणं होतं ते सगळं तिच्या बाजूचं होतं. नुपूरला फोन दिला तर ती म्हणायची, आजी काही बोलतच नाही. एकदा मी बुधवारीच केला. तिने उचलला आणि "बोला" म्हटलं. मी काही बोलले नाही, तिला आधी काहीतरी म्हणू दे म्हणून थांबले. तीही थांबली. मग शांतपणे म्हणाली, "कुणी नाही वाटतं," आणि ठेवून दिला. तळमजल्यावरच्या मैथिलीला मी निरोप पाठवला, जरा वर जाऊन बघशील का. तिने लिहिलं, काकू बऱ्या आहेत, पण सकाळी दार उघडत नाहीत, चहा गार झालेला असतो, त्या नुसत्या टेबलाशी बसून असतात. मी त्या दोन ओळी तोझाई लाइनच्या गाडीत वाचल्या, ऑफिसच्या लिफ्टमध्ये वाचल्या, आणि आपण तिच्याजवळचं काय काढून घेतलं ते माझ्या ध्यानात आलं. ठेव तर आधीच गेली होती. ती काही मी वाचवली नव्हती.

मी काय केलं ते सरळ सांगते. आमच्याकडे एक सोय आहे, गिऱ्हाइकाची तक्रार आली की त्याच्या खात्यात थोडी नाणी भेट म्हणून टाकता येतात. काम दुसऱ्या विभागाचं, पण तपासणीसाठी मलाही ते उघडता येतं. दुपारी सगळे जेवायला गेले. मुलुंडला तेव्हा सकाळ असते. मी नाव शोधलं, किती द्यायचं त्या चौकटीत आकडा घातला, आणि थांबले. कागदावर हे बरोबर नव्हतं, नियमात नव्हतं, अकलेत तर अजिबात नव्हतं. नियमांचं मला काही वाटलं नाही. मला फक्त ती टेबलाशी बसलेली दिसत होती. म्हटलं, एकदाच. एकदाच तिला मी खरंच काहीतरी देते. जी गोष्ट तिने एवढे दिवस खरी मानली ती एका दुपारपुरती खरी होऊ दे, मग बघू. मी बटण दाबलं. स्क्रीनवर जपानीत आलं, भेट पोहोचली. ओकाबे-सान जेवून परत आले, त्यांनी माझ्यासाठी कॉफीचा कॅन आणला होता. मी उठून कमरेत वाकून आभार मानले.

फोन दुपारीच आला. कामाच्या वेळात आई कधीच करत नाही. मी जिन्यात जाऊन उचलला. किती दिवसांनी तिचा आवाज भरलेला होता, जेवणात मीठ पुरेसं पडावं तसा, आणि मागे पट्ट्या फिरत होत्या.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "त्या दिवशी रागाच्या भरात बोललीस. मी काही मनाला लावून घेतलं नाही. कुणाची आई घेते?"

"आई, ऐक. ते—"

"आता काही सांगू नकोस. तू कितीही म्हणालीस ना तिकडे कुणी नाही, तरी आता मी ऐकणार नाही. सगळं कळलंय मला. तूही कामात असतेस, मीही उगाच हट्ट करते." आंबे जुळल्याचा आवाज आला, ती हसली. "आणि हे बघ, आपलं काही तुझ्यावर ओझं नको. तू दिलंस तेवढ्यावर मी बसणार नाही. मैथिलीच्या नवऱ्याला विचारलंय मी, घरावर बँक पैसे देते म्हणतो. म्हातारपणी घर काय करायचंय मला एवढं मोठं. तू देत राहा, मी आहे इथे."